टोपीची कृती तपासताना : वाचकांचे प्रश्न

नवी कृती प्रसिद्ध करण्याआधी ती लिहिणारी व्यक्ती चार-सहा जणींना विणून बघायला देते. हे चाचणी विणकाम आता आपल्याकडेही बऱ्याच जणी करतात. या वेळची बरीचशी पत्रं त्याबद्दलच आहेत आणि तक्रार साधारण एकच आहे: कृती धड लिहिलेली नाही, मग तपासायची कशी?

एक खुलासा आधी. घरोघरी आपण ‘दहा सुया विणल्या’ म्हणतो. छापील कृतीत मात्र ‘सुई’ म्हणजे कधी हत्यार, कधी एक ओळ, तर कधी जाऊन-येऊन दोन ओळी. पुष्कळ चुका इथूनच सुरू होतात. म्हणून खालच्या उत्तरांत सुई म्हणजे फक्त हत्यार. सपाट विणलेली रांग ती ओळ, गोल विणलेली ती फेरी.

प्रश्न : मला तपासायला आलेली कृती अशी आहे. ‘मोठ्या माणसाची टोपी. ४ प्लाय लोकर १०० ग्रॅम, ८ नंबरच्या सुया. ९० टाके घाला. २ सुलट २ उलट अशी ५ सेंमी पट्टी विणा. मग १२ सेंमी सुलट. मग (८ सुलट, दोनाचा एक) शेवटपर्यंत. पुढे ७ सुलट, मग ६ सुलट, असे १० टाके उरेपर्यंत. धागा टाक्यांतून ओवून ओढा, शिवण घाला.’ गोल सुईवर विणलं तर पट्टी जुळत नाही, शेवटी १० ऐवजी ९ टाके उरतात आणि टोपी लहान मुलाच्या मापाची होते. चूक माझी की कृतीची? — वाचक, नाशिक

चूक कृतीची आहे, पण ती शोधण्यासारखी आहे. लोकर बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या.

पहिली खूण ९० या आकड्यात आहे. २ सुलट २ उलट ही वीण ४ टाक्यांची. ९० म्हणजे ४ च्या २२ जोड्या आणि वर २ टाके. गोल विणलं तर फेरीच्या शेवटचे २ सुलट आणि सुरुवातीचे २ सुलट शेजारी येतात आणि पट्टीत एके ठिकाणी ४ सुलट टाक्यांचा रुंद पट्टा दिसतो. तुमची पट्टी जुळत नाही ती यामुळे. हीच पट्टी सपाट विणली तर ओळ २ सुलट टाक्यांनी सुरू होते आणि २ सुलटांनीच संपते. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, उरतात बरोबर २ सुलट, आणि शिवण शोधूनही सापडत नाही. थोडक्यात, ९० हा आकडा चुकलेला नाही. ही टोपी मुळात सपाट विणून शिवायची आहे आणि ते सांगायचं राहून गेलं आहे. शेवटचं ‘शिवण घाला’ तेच सांगतं.

दुसरी खूण शेवटच्या १० टाक्यांत. लिहिलंय तसं केलं तर ८ सुलट आणि दोनाचा एक (म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक) मिळून १० टाक्यांचा एक भाग, ९० मध्ये असे ९ भाग. प्रत्येक घटीला ९ टाके कमी होतात: ९०, ८१, ७२ आणि असंच खाली १८, ९. दहा कधीच येत नाहीत. आता शिवणीचे दोन कडेचे टाके वेगळे काढा. उरतात ८८, म्हणजे ११ टाक्यांचे ८ भाग. ११ टाक्यांचा भाग म्हणजे ९ सुलट आणि दोनाचा एक. मग मोजणी अशी उतरते: ९०, ८२, ७४, ६६, ५८, ५०, ४२, ३४, २६, १८, १०. शेवटी ८ भागांचे ८ आणि कडेचे २. म्हणजे कृतीतला १० बरोबर आहे, पहिल्या घटीतला ‘८ सुलट’ चुकला आहे. तिथे ९ हवेत, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक सुलट टाका हवा.

तिसरी गोष्ट ‘१२ सेंमी सुलट’. सपाट विणताना दोन्ही बाजूंनी सुलटच विणलं तर आडव्या रेघांची गार्टर वीण येते. टोपीचा फोटो साध्या गुळगुळीत विणीचा असेल तर ‘सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट’ असं लिहायला हवं. घटीच्या ओळींमधल्या उलट ओळीही अध्याहृत आहेत. १० घटी आणि मधल्या ९ उलट ओळी, एकूण १९.

आता माप. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी. त्या सुईवर मध्यम पातळ, म्हणजे डीके जाडीची लोकर विणली तर १० सेंमीत साधारण २२ टाके बसतात. शिवणीनंतरचे ८८ टाके म्हणजे ४० सेंमी. हे लहान मुलाचं माप झालं. ब्रिटिश मोजणीतली खरी ४ प्लाय घेतली तर ती ३.२५ मिमीच्या सुईची लोकर, १० सेंमीत २८ टाके, आणि टोपी ३१ सेंमीची! अमेरिकी पद्धतीत मात्र ८ नंबर म्हणजे ५ मिमी. आणि अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलच्या जाडीच्या क्रमांकांत ४ म्हणजे ‘मध्यम’, म्हणजेच वर्स्टेड जाडीची लोकर. लोकरीच्या लेबलवर हा ४ गुंड्याच्या चित्रात छापलेला असतो. प्लायशी, म्हणजे धाग्याच्या पदरांशी, त्याचा काही संबंध नाही. ५ मिमी सुई आणि ती लोकर घेतली तर १० सेंमीत १८ टाके, आणि ८८ टाक्यांचा घेर जवळजवळ ४९ सेंमी. ५४ सेंमीच्या डोक्याला ही टोपी ताणून नीट बसते. उंची बघा: ५ अधिक १२, अधिक १९ ओळी. १० सेंमीत २४ ओळी धरल्या तर त्या ७.९ सेंमी होतात. एकूण २५. पट्टी अर्धी दुमडली तर साडेबावीस. मोठ्या माणसाचं माप जमलं.

तेव्हा ही कृती बहुधा अमेरिकी आकड्यांतून उतरवलेली आहे आणि ८ व ४ हे दोन आकडे न बदलता तसेच आले आहेत. चारही धागे जुळत असले तरी हा तुमचा तर्क आहे. म्हणून लिहिणाऱ्या व्यक्तीला तो प्रश्न म्हणून पाठवा: ‘टोपी सपाट विणायची आहे का? सुई ५ मिमी का? पहिल्या घटीत ९ सुलट हवेत का?’ उत्तर येईपर्यंत टाके घालू नका.

आणि गोलच विणायची इच्छा असेल, तर कडेचे दोन टाके वगळून ८८ घाला. ८८ ला ४ नेही भाग जातो आणि ११ नेही. शेवटी ८ टाके उरतील.

प्रश्न : माझी मुलगी परदेशात सुईचं माप मिमीत सांगते, मी नंबरात. गोंधळ होतो. — वाचक, पुणे

आपल्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी नंबरात आकडा वाढला की सुई जाड. आपल्या १२ नंबरची सुई २.७५ मिमी, ११ ची ३, १० ची ३.२५, ९ ची ३.७५, ८ ची ४, ७ ची ४.५ आणि ६ ची ५ मिमी. अमेरिकी नंबर ३ म्हणजे ३.२५ मिमी, ५ म्हणजे ३.७५, ६ म्हणजे ४, ८ म्हणजे ५ आणि १० म्हणजे ६ मिमी. दोन्हीकडे सारखा निघतो तो ७ नंबर, ४.५ मिमी. म्हणून ७ नंबरच्या कृतीत हा घोळ होत नाही आणि ८ व ६ नंबरच्या कृतींत हमखास होतो. चाचणीचा अहवाल लिहिताना माप कायम मिमीतच लिहा. जुन्या सुईवरचा नंबर पुसला गेला असेल तर सुया मोजायची भोकांची पट्टी मिळते, ती घरात असावी.

प्रश्न : विणताना दोन-तीन चुका लक्षात आल्या, त्या मी हातासरशी सुधारल्या. टोपी सुरेख झाली. मग कळवायचं काय? — वाचक, कोल्हापूर

सगळ्यात महत्त्वाचं तेच कळवायचं. अनुभवी हात चूक गिळून टाकतो. तुम्हाला माहीत आहे की इथे उलट ओळ हवी, म्हणून तुम्ही ती विणता आणि पुढे जाता. कृती विकत घेणारी नवशिकी मुलगी तिथेच अडकते आणि वाटून घेते की आपल्यालाच येत नाही. तुम्ही सुरेख टोपी विणलीत हे छान आहे, पण तुमच्या हाताला कुठे कुठे कृतीच्या मदतीला जावं लागलं हे कृती लिहिणाऱ्या व्यक्तीला कळायला हवं.

पद्धत सोपी आहे. कृती कागदावर छापून घ्या, प्रत्येक वाक्याला समासात क्रमांक द्या. सुरुवातीला तिन्ही गोष्टींसाठी तीन रंग ठरवा. आकड्याची चूक, जसं ९ उरतात आणि १० लिहिलेत. अर्थ दोन निघतात अशी जागा, जसं ‘पुढे तसंच विणा’: तसंच म्हणजे वीण तशीच की घट तशीच? आणि तिसरं तुमचं मत, जसं पट्टी ७ सेंमी असती तर दुमडायला बरी झाली असती. मत जरूर लिहा, पण वेगळं लिहा. चुकांच्या यादीत मतं मिसळली की लिहिणारी व्यक्ती सगळ्याच यादीकडे आवडनिवड म्हणून बघायला लागते.

एकेक नोंद अशी असावी: वाक्य क्रमांक, काय लिहिलंय, मी काय केलं, त्यानंतर सुईवर किती टाके आहेत. उदाहरणार्थ, ‘वाक्य ६. लिहिलंय: ८ सुलट, दोनाचा एक. केलं: ९ सुलट, दोनाचा एक, दोन्ही कडांना १ सुलट. टाके ८२.’ ‘घटीत काहीतरी गडबड आहे’ असं लिहिलेल्या नोंदीचा कुणाला उपयोग नाही.

अर्थ दोन निघत असतील तिथे, शक्य असेल तर, शब्दशः अर्थ घेऊन दोन-चार ओळी विणा, फोटो काढा, मग उसवा. वेळ जातो खरा. पण लिहिणाऱ्या व्यक्तीला आपल्या वाक्याचा दुसरा अर्थ डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही.

प्रश्न : टोपी एवढीशी. तिच्यासाठी आधी नमुना तुकडा कशाला विणायचा? टोपीच विणून बघावी की. — वाचक, सातारा

स्वतःसाठी विणताना हे चालेल. चाचणीत चालणार नाही, कारण टोपी सैल झाली तर दोष कृतीचा की तुमच्या हाताचा हे सांगता येणार नाही.

९६ टाक्यांची टोपी घ्या. १० सेंमीत २२ टाके बसले तर घेर ४३.६ सेंमी. हात जरा सैल असून २० बसले तर ४८. केवळ दोन टाक्यांनी साडेचार सेंमीचा फरक पडला. टोपी डोक्याच्या घेरापेक्षा अडीच ते पाच सेंमी लहान ठेवतात, म्हणजे ती पकडून बसते. तो सगळा फरक इथे खर्ची पडला.

तुकडा १५ सेंमी लांब, १५ रुंद विणा. टोपी धुवाल तसा धुवा, सपाट पसरून वाळवा, आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. कडेचे मोजू नका, ते ओढले गेलेले असतात. आडवे टाके आणि उभ्या ओळी दोन्ही मोजा. टोपीच्या कृतींत उभं माप बहुतेक वेळा दिलेलंच नसतं, तेही नोंदीत लिहा, कारण डोक्यावरच्या घटीची लांबी ओळींवर ठरते. लोकर खरी असेल तर धुतल्यावर वीण मोकळी होते, अॅक्रिलिकमध्ये फारसा फरक पडत नाही.

टोपी गोल विणायची असेल तर तुकडाही गोल विणीसारखाच हवा. बऱ्याच जणींचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल पडतात, आणि गोल विणताना साध्या विणीत उलट टाके येतच नाहीत. त्यामुळे सपाट तुकड्याचं माप गोल टोपीला लागू पडत नाही. दोन टोकी सुईवर किंवा गोल सुईवर ओळ संपली की विणकाम न फिरवता टाके परत उजव्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल सोडून आणा आणि पुन्हा सुलट बाजूनेच विणा. मागे धाग्यांच्या लांब तारा राहतात, त्या मापाआधी मधोमध कापल्या तरी चालतात.

प्रश्न : टोपीला वर टोक येतं. कृतीप्रमाणे दर चौथ्या फेरीला ८ टाके घटवले आहेत. — वाचक, ठाणे

घट फार सावकाश आहे. हे विणण्याआधीच कागदावर कळतं. टोपीच्या घेराला ६.२८ ने भागा, डोक्यावरची चकती किती त्रिज्येची हवी ते मिळतं. मघाचीच टोपी घ्या, ९६ टाके, १० सेंमीत २२: घेर ४३.६, त्रिज्या जवळजवळ ७ सेंमी. १० सेंमीत ३० फेऱ्या बसत असतील तर ७ सेंमी म्हणजे २१ फेऱ्या. ९६ वरून ८ वर यायला ११ घटी लागतात. एकाआड एक फेरीला घट केली तर ११ घटी आणि मधल्या १० साध्या फेऱ्या, बरोबर २१. ही टोपी टेबलावर चपटी दिसेल आणि डोक्यावर चढल्यावर गोलाई घेईल.

हीच टोपी तुमच्या कृतीप्रमाणे विणली तर ११ घटी आणि मध्ये ३० साध्या फेऱ्या, एकूण ४१, म्हणजे पावणेचौदा सेंमी. त्रिज्येच्या दुप्पट! टोक येणारच. याउलट प्रत्येक फेरीला घटवलं तर ११ फेऱ्यांत, पावणेचार सेंमीत, सगळं आवळतं आणि वर चुण्या पडतात. यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. काही जणी पहिल्या पाच-सहा घटी एकाआड एक करतात आणि उरलेल्या सलग, तीही पद्धत चांगली दिसते. पण कृतीत टोक हेतूने ठेवलं आहे का, हे आधी विचारा. लहान मुलांच्या टोप्यांना ते मुद्दाम ठेवतात.

दोनाचा एक कसा करायचा हेही लिहिलेलं हवं. समोरून दोन टाके एकत्र सुलट विणले की टाका उजवीकडे झुकतो. दोन टाके एकेक करून सुलटासारखे सरकवून, मग मागच्या बाजूने एकत्र विणले की डावीकडे. आठही भागांत एकाच दिशेची घट असेल तर डोक्यावर भोवऱ्यासारखी वळणं दिसतात, जोडीने असेल तर सरळ पाकळ्या. फोटोत काय दिसतं त्याच्याशी ताडून बघा.

प्रश्न : वेण्यांची टोपी. ९० टाक्यांची एक सुलट एक उलट पट्टी, मग ‘दर ६ टाक्यांनंतर १ टाका वाढवा, १०४ होतील’. मग ६ सुलट २ उलट अशा वेण्या. माझी वेणी प्रत्येक फेरीला एकेक टाका सरकते. — वाचक, डोंबिवली

९० भागिले ६ म्हणजे १५. वाढले १५, झाले १०५. ८ टाक्यांचे १३ भाग म्हणजे १०४, आणि एक टाका पाहुणा. फेरीच्या सुरुवातीला खुणेची रिंग नसेल तर तो एक टाका दर फेरीला वीण पुढे ढकलतो.

९० वर १४ वाढवायचे तर ते सारख्या अंतरावर बसत नाहीत: १४ सक ८४, उरले ६. म्हणून ६ वेळा ‘७ विणा, १ वाढवा’ आणि ८ वेळा ‘६ विणा, १ वाढवा’. ४२ अधिक ४८ म्हणजे ९०, वाढले १४. हे दोन प्रकार आलटून-पालटून घाला, म्हणजे एकाच बाजूला फुगवटा येणार नाही. अशी वाढ कुठे करायची हेही सांगायला हवं. पट्टीच्या शेवटच्या फेरीत की त्यानंतरच्या साध्या फेरीत?

वाढ मुळात का असते हे लक्षात ठेवा. वेणीचे टाके एकमेकांवर चढतात, त्यामुळे कापड आत ओढलं जातं. वाढ नसेल तर वेण्यांचा भाग पट्टीपेक्षा अरुंद होतो आणि टोपी डोक्यावरून वर सरकते. म्हणून वेण्यांच्या टोपीचं माप वेणीच्याच तुकड्यावर घ्यायचं, साध्या विणीच्या नाही.

वेणीसाठी तीन टाके जादा सुईवर घेऊन ती सुई पुढे धरली तर वेणी डावीकडे वळते, मागे धरली तर उजवीकडे. लिखित कृती आणि चार्ट (चौकटींत खुणांनी काढलेली वीण) दोन्ही दिले असतील तर पहिली पूर्ण वेणी होईपर्यंतची एकेक फेरी दोन्हीकडे ताडून बघा. डावं-उजवं उलटं पडण्याची चूक सर्वांत जास्त इथेच सापडते. चार्ट वाचण्याची दिशाही तपासा. गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडून डावीकडे, सपाट विणताना सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून आणि उलट बाजूच्या डावीकडून.

डोक्यावरच्या घटीत प्रत्येक फेरीनंतर उरणारे टाके १३ च्या पटीतच हवेत: आधी दोन उलटांचा एक, ९१, मग ७८, ६५, ५२ असं. मध्येच ८४ किंवा ६० लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा.

प्रश्न : ‘बाळाची टोपी, ० ते ६ महिने’, एकच माप. हे बरोबर आहे का? — वाचक, नागपूर

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत जन्मावेळी मुलग्याच्या डोक्याचा मध्यम घेर ३४.५ सेंमी आणि मुलीचा ३३.९ आहे. सहा महिन्यांना तो ४३.३ आणि ४२.२ होतो. पहिल्या सहा महिन्यांतली ही आठ-नऊ सेंमीची वाढ एका टोपीला झेपत नाही. २ सुलट २ उलट पट्टी कितीही ताणली गेली तरी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ती डोळ्यांवर येईल किंवा सहा महिन्यांच्या बाळाला कपाळावर काचेल. निदान दोन मापं हवीत, आणि वयापेक्षा डोक्याचा घेर सेंमीत लिहिलेला हवा. बाळाच्या टोपीला लांब नाड्या किंवा सैल शिवलेला गोंडा असेल तर तो अहवालात सुरक्षेचा मुद्दा म्हणून वेगळा लिहा.

अनेक मापांची कृती असेल तर विणा एकच माप, पण हिशेब सगळ्या मापांचा करा. उदाहरणार्थ ७२, ८०, ८८, ९६, १०४ टाके. १० सेंमीत २२ टाक्यांनी घेर ३२.७, ३६.४, ४०, ४३.६ आणि ४७.३ सेंमी. पाचही आकड्यांना ८ ने भाग जातो, म्हणजे आठ भागांची घट सगळीकडे बसते. घेर वाढला तशी पट्टीपासून घटीपर्यंतची उंचीही वाढली आहे ना, हे बघा. आकडे कंसात ओळीने दिलेले असतात, आणि मधलं एखादं माप गळलं तर पुढची सगळी मापं एक घर सरकतात. प्रत्येक कंसात पाचच आकडे आहेत का, ते आधी मोजा.

प्रश्न : ‘एक गुंडा लोकर’ यावर विश्वास ठेवावा का? — वाचक, बेळगाव

गुंडा ५० ग्रॅमचाही असतो आणि १०० चाही, आणि सारख्या वजनात जाड लोकर कमी मीटर भरते. कृतीत मीटर हवेत. विणायला सुरुवात करण्याआधी गुंडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, टोपी पूर्ण झाल्यावर उरलेला तोला. समजा लोकरीच्या लेबलवर १०० ग्रॅमला २२० मीटर लिहिलं आहे आणि टोपीला ६२ ग्रॅम लागली. ६२ गुणिले २.२, म्हणजे १३६ मीटर. सैल हाताच्या विणकरणीसाठी दहा टक्के वाढवून कृतीत १५० मीटर लिहायला सुचवा. ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरणार नाही हे तेव्हाच स्पष्ट होतं. नमुना तुकडा उसवला नसेल तर त्याचं वजन वेगळं लिहा. गोंडा असेल तर त्याचंही, तो अंदाजापेक्षा जास्त लोकर खातो.

प्रश्न : चाचणीला होकार देण्याआधी काय विचारून घ्यावं? — वाचक, पणजी

लोकर कुणाच्या खर्चाने, मुदत किती, कोणतं माप विणायचं, तयार टोपीचा फोटो कधी दाखवता येईल, आणि चुका कशा स्वरूपात हव्या आहेत. मोबदला नसेल तर निदान तयार कृती आणि तिच्यात तुमच्या नावाचा उल्लेख मिळावा. हे मागायला संकोच करू नका, तपासणी हे काम आहे. आणि कृतीत सुई, लोकरीची जाडी, १० सेंमीतले टाके आणि तयार माप या चारांतली एकही गोष्ट नसेल, तर ती मिळाल्यावरच होकार द्या.

प्रश्न : पट्टी दुमडली की शिवण बाहेर दिसते. कृतीत फक्त ‘शिवण घाला’ आहे. — वाचक, सोलापूर

पट्टीचा जो भाग दुमडून बाहेर येतो त्याची आतली बाजू वर दिसते. डोक्यावरच्या टोकापासून मोठ्या नेढ्याच्या सुईने सुलट बाजूने शिवत खाली या. दुमडीची ओळ आली की टोपी उलटी करा आणि उरलेली पट्टी आतल्या बाजूने शिवा. ५ सेंमीची पट्टी अर्धी दुमडत असाल तर शेवटचे अडीच सेंमी. टाके घालताना सुटलेलं धाग्याचं टोक ३० सेंमी लांब ठेवलं तर हा भाग त्याच धाग्याने, खालून वर, शिवता येतो आणि एक टोक लपवायचं काम वाचतं. कृतीत ही दोन वाक्यं घालायला सांगा.